क्रँकबेटसाठी काठी घेताय? मग आधी ती वाकवून बघा

नवीन लॅपटॉप घेताना आपण काय करतो? स्पेसिफिकेशन्सचा तक्ता उघडतो आणि जिथे आकडा मोठा, ते घेतो. मी फिशिंग रॉडही असाच घेतला. 'हाय मॉड्युलस कार्बन, फास्ट ॲक्शन, एक्स्ट्रा सेन्सिटिव्ह'. १८० डॉलर गेले.

मी डॅलसजवळ राहतो. गेल्या एप्रिलमध्ये बाबा अलिबागहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना लहानपणापासून खाडीवर गरवायचा नाद, त्यामुळे त्यांना सीडर हिल स्टेट पार्कमध्ये, जो पूल लेकवर घेऊन गेलो. (टेक्ससच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. पाहुणे येणार असतील तर हे लक्षात ठेवा.) दिवसभरात तीन बास लागले आणि तिन्ही सुटले. तिसरा बाबांच्या हातात होता, काठापासून जेमतेम सहा फुटांवर. त्याने उडी मारली, डोकं झटकलं आणि गेला. बाबा पाण्याकडे न बघता काठीकडेच बघत राहिले. म्हणाले, "अरे, ही वाकतच नाही. मासा धरून ठेवणार कशी?"

मी त्यांना फास्ट ॲक्शनचे फायदे समजावले. रात्री गणित मांडलं, तर बरोबर तेच होते.

क्रँकबेट म्हणजे प्लास्टिकचा किंवा बाल्सा लाकडाचा खोटा मासा. त्याच्या तोंडापुढे एक पातळ पट्टी असते. ओढलं की त्या पट्टीवर पाण्याचा दाब येतो आणि तो डुगडुगत खाली जातो. पोटाखाली दोन तीन-तोंडी गळ असतात आणि सगळी मेख तिथेच आहे. जिगला एकच जाड गळ असतो, तो माशाच्या जबड्यात घुसवायला जोरदार हिसका द्यावा लागतो, म्हणून तिथे कडक काठी योग्य. क्रँकबेटचे गळ बारीक तारेचे आणि अणकुचीदार. चालत्या आमिषावर मासा झडप घालतो आणि बहुतेक वेळा स्वतःच अडकतो. पण अडकतो तो वरवर, ओठाच्या कातडीत. आपण दचकून हिसका दिला, की एकतर आमिष त्याच्या तोंडातून बाहेर येतं, नाहीतर कातडी फाटते.

आता काठीला एक स्प्रिंग समजा. खऱ्या काठीचं वागणं इतकं सरळ नसतं, पण अंदाजासाठी चालेल. मासा १० न्यूटन जोराने ओढतोय. कडक काठीचा शेंडा ३० सेंटिमीटर वाकलाय, मऊ काठीचा ८०. माशाने अचानक आणखी ३० सेंटिमीटरचा झटका दिला तर कडक काठीवरचा ताण थेट २० न्यूटन होतो, मऊ काठीवर १४ च्या आतच राहतो. आता उलट बघा. मासा ५० सेंटिमीटर आपल्याकडे आला. कडक काठी केव्हाच सरळ झाली, तंगूस ढिला पडला, आणि ढिल्या तंगुसावर बासने डोकं झटकलं की गळ निघालाच. मऊ काठीत अजून ३० सेंटिमीटरचा बाक शिल्लक आहे, म्हणजे ताण कायम. रीळ फिरवून ढील भरून काढू म्हणाल, तर आपला मेंदू प्रतिक्रिया द्यायलाच साधारण पाव सेकंद घेतो. व्हिडिओ कॉलमध्ये नेटवर्कचे धक्के बफर पचवतो ना, ते काम इथे काठीचा बाक करतो. मी बफर काढून टाकायचे पैसे मोजले होते.

आता दुकानातल्या दोन शब्दांकडे येऊ. यात सगळ्यांचाच गोंधळ होतो, माझाही झाला. 'पॉवर' म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो: लाइट, मीडियम, हेवी वगैरे. 'ॲक्शन' म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट असेल तर फक्त शेंडा वाकतो, मॉडरेट असेल तर साधारण मध्यापासून. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, त्यामुळे हेवी पण मॉडरेट अशी काठीही असते. क्रँकबेटसाठी मॉडरेट बघा, फार तर मॉडरेट-फास्ट. पॉवरच्या शब्दावर फारसा विश्वास ठेवू नका. त्याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही, एकीची मीडियम-हेवी ती दुसरीची मीडियम. त्यापेक्षा मुठीच्या वर बारीक अक्षरात आमिषाचं वजन लिहिलेलं असतं, ते वाचा. १/४ ते ५/८ औंस, म्हणजे सुमारे ७ ते १८ ग्रॅम, यात उथळ आणि मध्यम खोलीची बरीचशी क्रँकबेट बसतात. १८-२० फूट खोल जाणारी मोठी आमिषं औंसभर किंवा त्याहून जड असतात. त्यांना वेगळी, दणकट काठी लागते.

मटेरियलची गोष्ट मात्र मला सगळ्यात मजेशीर वाटली. कार्बन तंतूचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, साधारण २३० गिगापास्कल आणि काचतंतूचा ७० च्या आसपास. कार्बन वजनालाही हलका. कागदावर काच सपशेल हरली. पण तुटण्याआधी काच किती ताणली जाते बघा: चार टक्क्यांहून जास्त. नेहमीचा कार्बन दोन टक्क्यांच्या आतच तुटतो. काचेच्या काठ्या १९४० च्या दशकात आल्या, १९७० च्या दशकात ग्रॅफाइटने त्यांना जवळजवळ हुसकावून लावलं, पण क्रँकबेटवाल्यांनी काच सोडली नाही ती याच कारणाने. तोटा एकच, काठी जड होते. दिवसभर शेकडो वेळा फेकायची असेल तर मनगट बोलायला लागतं. म्हणून दोन्ही तंतू मिसळलेली कॉम्पोझिट काठी मिळते. माझं मत तिलाच. मॉडरेट ॲक्शनची निव्वळ कार्बन काठीही चालेल, फक्त जाहिरातीतल्या 'हाय मॉड्युलस'चे वेगळे पैसे देऊ नका.

लांबी ७ फूट ठेवा. खोल जाणाऱ्या आमिषाला साडेसात ते आठ फूट, कारण आमिष फेकल्यावर खाली उतरायला आणि शेवटी वर यायला बरंच अंतर खातं. जितकं लांब फेकाल तितका ते तळाजवळ जास्त वेळ राहतं. तंगूस १० ते १२ पौंडांचा फ्लोरोकार्बन. ब्रेड जवळजवळ ताणलाच जात नाही, तो लावलात तर मऊ काठीने कमावलेलं निम्मं घालवाल.

दुकानात गेलात की सोबतच्या माणसाला शेंडा हळूच ओढायला सांगा आणि बाक कुठून सुरू होतो ते बघा. यूट्यूबवरच्या दहा रिव्ह्यूंपेक्षा यातून जास्त कळतं.

मी दुसरी काठी घेतली. ७ फूट, मीडियम, मॉडरेट, कॉम्पोझिट, पहिलीच्या निम्म्या किमतीत. पुढच्या शनिवारी बाबांना पुन्हा तिथेच नेलं. त्यांना लागलेला पहिला बास दोनदा उडाला, काठी अर्ध्यातून कमान झाली, आणि तो काठावर आला. दीडेक किलोचा असेल. बाबांनी गळ काढून त्याला परत पाण्यात सोडलं, मग विचारलं, "आपल्या खाडीत जिताड्याला चालेल का रे ही?"

नाही चालणार. खारफुटीच्या मुळांत शिरू पाहणाऱ्या जिताड्याला अडवायला यापेक्षा जास्त जोराची काठी हवी, ब्रेड हवा, आणि त्याच्या कल्ल्याची धार तंगूस कापते म्हणून पुढे जाड लीडर हवा. शिवाय ७ फुटांची अखंड काठी बॅगेत मावत नाही. मी दोन तुकड्यांची मीडियम-हेवी, मॉडरेट-फास्ट शोधतोय. दिवाळीला घरी जाताना न्यायची आहे.