शिकारीचा पोशाख : तसबिरीतला आणि रानातला

लष्करातल्या जुन्या मराठी घरांच्या दिवाणखान्यात एक तसबीर बहुधा असतेच. पुढे आडवा पडलेला वाघ, त्याच्यामागे खुर्चीवर आजोबा किंवा पणजोबा, मांडीवर बंदूक, डोक्यावर सोला हॅट आणि पायांत गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट. ब्रीचेसची इस्त्री अशी की तिच्या धारेवर सुपारी कातरावी. ही तसबीर पाहून नव्या पिढीची समजूत होते की शिकारी मंडळी असल्याच थाटात रानात जात. माझे मत निराळे आहे. शिवपुरीच्या उन्हात तासभर दगडधोंड्यांतून चाललेल्या माणसाच्या ब्रीचेसला धार राहत नाही आणि बुटांना चकाकी राहत नाही. तो पोशाख तसबिरीसाठी होता. रानातला पोशाख वेगळा असे. तो फाटे, विटे, शेवटी पोतेऱ्याला जाई, आणि म्हणूनच आपल्या ट्रंकांतून आज तो सापडत नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकार संपली. त्याआधी 1970 मध्येच वाघ मारण्यावर बंदी आली होती. झाले ते योग्य झाले, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. परंतु ऊन, थंडी आणि पाऊस यांत रानात तासन् तास कसे राहावे, अंगावर काय असावे, याचे ज्ञान त्या शिकारी पिढीपाशी होते, आणि ते जाणणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तरुणपणी, कायदा येण्यापूर्वीची काही वर्षे, मी त्यांच्यामागून हिंडलो आहे. म्हणून हे लिहितो.

आमच्या मुलखाचे हवामान पुण्या-साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगावे लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि लू वाहते. जानेवारीच्या रात्री तोच पारा तीन-चार अंशांवर उतरतो. वाघाच्या हाक्याचा हंगाम नेमका उन्हाळ्याचा, कारण तेव्हा पाणवठे आटून जनावर मोजक्या नाल्यांत येऊन पडते आणि गवत वाळून बसल्यामुळे नजर लांब पोचते. हाका उठे तो भर दुपारच्या सुमारास. मचाणावरची बसणी बारमाही, पण थंडीतली खरी कसोटीची. पावसाळ्यात मोठ्या शिकारीला रान बंद असे. तेव्हा एकच पोशाख तिन्ही ऋतूंना पुरेल ही कल्पना पहिल्यांदा डोक्यातून काढावी लागे.

उन्हाळ्याचे पाहू. साहेब लोकांची एक ठाम समजूत होती की हिंदुस्थानच्या सूर्याचे काही अदृश्य किरण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला अपाय करतात. त्यासाठी ते डोक्यावर सोला हॅट तर घालीतच, शिवाय कोटाच्या आत पाठीच्या कण्यावर जाड गादी शिवून घेत! ज्या उन्हात अंगातली उष्णता बाहेर जाऊ द्यायची, त्याच उन्हात पाठीवर गादी. पुढे ती समजूत खोटी ठरली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोऱ्या सैन्यानेही ती टोपी टाकली. आमच्यातल्या हौशी मंडळींनी हॅट उचलली. पाठीची गादी मात्र फारशी कोणी उचलली नाही, हे आपल्या लोकांच्या शहाणपणाचे लक्षण.

सोला हॅटला मी सरसकट नावे ठेवणार नाही. ती भेंडाची, म्हणजे पाणवनस्पतीच्या गाभ्याची बनलेली. वजनाला हलकी आणि आत हवा भरलेली, त्यामुळे ऊन चांगले अडे. परंतु फांदीला लागली की टकटक वाजे आणि पावसात भिजली की तिचा आकारच जाई. हाक्यातल्या खुर्चीवर बसणाऱ्याला ती ठीक. पायी चालणाऱ्याला फेट्यासारखे दुसरे काही नाही. शिंदेशाही पगडी ही दरबाराची वस्तू, ती रानात कोणी नेत नसे. पण दहा-बारा हातांचा साधा सुती फेटा, रंग मातीचा, सैल बांधलेला, ऊन अडवतो, घाम टिपतो, आणि ओला केला की डोके थंड ठेवतो. शिवाय सोडला की दोर होतो, जखमी हाताला झोळी होते, गढूळ पाणी गाळायला फडके होते. हॅट सोडून काय होते?

अंगात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. उघडे हात गार राहतात ही भ्रांती आहे. कोरड्या लूमध्ये उघड्या कातडीवरचा घाम लगेच उडून जातो आणि ऊन थेट भाजते. सैल सुती कापड तो घाम धरून ठेवते, तो सावकाश वाळतो आणि वाळताना अंग निववतो. यासाठी कापड भरड पण झिरझिरीत विणीचे हवे. खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, हे आमच्याकडे अजूनही सांगतात. कांदा बिचारा खिशात राहून काहीच करीत नाही. निघण्यापूर्वी मीठ घातलेले कैरीचे पन्हे आणि खांद्याला पाण्याची छागळ, हा खरा उपाय.

आता रंग. खाकी हा शब्दच ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आला. 1846 मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीसाठी लम्सडेन या अधिकाऱ्याने तो रंग घेतला, आणि पुढे तो साऱ्या जगाच्या फौजांनी उचलला. एप्रिल-मे महिन्यांत शिवपुरीची करधई आणि धावडा निष्पर्ण होतात, गवत पिवळे पडते, तेव्हा खाकी अचूक मिसळते. पण आश्विनात, रान हिरवेगार असताना, तीच खाकी उठून दिसते. घरोघरी जुने कपडे कातात उकळून त्यात किंचित हिराकस टाकीत. त्यातून जो मळकट, तपकिरी-हिरवट रंग येई तो दोन्ही ऋतूंना चाले, आणि बाजारच्या खाकीपेक्षा मला तोच पसंत होता.

मात्र जनावराचे डोळे आपले नव्हेत. हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणारे घटक दोनच प्रकारचे असतात, आपल्या डोळ्यांत तीन. त्यामुळे तांबडे-नारिंगी आणि हिरवे यांतला भेद हरणाला नीट कळत नाही. वाघाचा भगवा रंग त्याला झाडोऱ्यासारखाच भासतो, म्हणून तर वाघाचे निभते. उलट निळा रंग त्याला चांगला दिसतो. आता मौज पाहा. शिकारीला निघताना धुतलेला, नीळ दिलेला स्वच्छ सदरा घालणारे मी कितीतरी पाहिले. आजकालच्या धुण्याच्या पावडरींत उजळपणासाठी जे द्रव्य असते ते तर निळसर चमक टाकते, आणि हरणाला ती आपल्यापेक्षा अधिक दिसते असे अभ्यासकांनी दाखवले आहे. जुने शिकारी रानातले कपडे रिठ्याने किंवा नुसत्या पाण्याने धूत. त्यांना डोळ्यांचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण चितळ कोणाला पाहून उधळते हे ठाऊक होते.

कान आणि नाक यांचाही हिशेब करावा लागे. कोरे, खळ असलेले ड्रिल चालताना खसखसते. कॉर्डरॉयची तर मांडीला मांडी लागून शीळ वाजते. आता बंद पडलेल्या आमच्या जियाजीराव कॉटन मिलचे जाडे कापड घेतले तरी ते सात-आठ वेळा धुऊन मऊ झाल्यावाचून त्याची विजार शिकारीला नेत नसत. पितळी बटणे काढून शिंगाची किंवा कापडाची लावीत. मनगटी घड्याळाची काच उन्हात लखलखते, म्हणून ते खिशात. आणि ट्रंकेतून काढलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा लोकरी कोट चार दिवस दोरीवर वाळवल्याशिवाय अंगात घालायचा नाही. वाघ वासावर फारसा विसंबत नाही, पण सांबर विसंबते, आणि सांबर ओरडले की वाघाला तार पोचली.

थंडीतल्या मचाणाविषयी एकच गोष्ट मनात पक्की धरावी : चालताना थंडी वाजली पाहिजे. नवखा माणूस तंबूतूनच स्वेटर, कोट, मफलर चढवून निघतो, दोन मैल चालून घामाने चिंब होतो, आणि मचाणावर बसल्यावर तोच घाम त्याला गारठवतो. मध्यरात्री तो खोकतो, आणि खोकल्याचा आवाज ऐकून गाऱ्यावर यायला निघालेले जनावर दुसऱ्या वाटेने जाते. जाणता माणूस एका सदऱ्यावर कुडकुडत चाले. बाकीचे कपडे गाठोड्यात. मचाणावर चढल्यावर ओला सदरा काढून कोरडा घाली, त्यावर कापूस भरलेली बंडी, त्यावर लोकर. सुती कापड ओले झाले की ऊब साफ जाते. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल पिऊनही ऊब धरते. जानेवारीत मावठ झाली तर हा फरक जिवावरचा ठरू शकतो.

या बाबतीत ब्रीचेस अगदी निकामी. जोधपूरचे सर प्रतापसिंह 1897 मध्ये राणीच्या हीरक महोत्सवास विलायतेला गेले आणि तेव्हापासून त्यांच्या विजारीची तिकडे फॅशन झाली असे सांगतात. घोड्यावर ती उत्तम. पण गुडघ्याखाली आवळलेली विजार घालून दहा तास मांडी घालून बसून पाहा. पायांना मुंग्या येतात आणि ऐन वेळी पाय हलवावा लागतो. आमच्या जुन्या लोकांचा सैल चोळणा तिथे श्रेष्ठ.

कुसळाचा त्रासही सांगितला पाहिजे. कार्तिकापासून रानात कुसळी गवत पिकते आणि लोकरी मोज्यात त्याचे शेकडो काटे रुतून बसतात. म्हणून पोटरीवर पट्ट्या गुंडाळीत, पण घट्ट विणीच्या आणि बेताच्या आवळलेल्या. पायांत खिळ्यांचा बूट दगडावर वाजतो. रबरी तळाचा कॅनव्हासचा बूट निम्म्या किमतीत दुप्पट काम करी. तळ्याकाठी पाणलाव्याच्या मागे चिखलात उतरायलाही तोच. गमबुटात एकदा पाणी शिरले की माणूस खुंटासारखा उभा राहतो.

पावसाला मॅकिन्टॉश. 1823 मध्ये निघालेले हे रबरी कापड थंड मुलखासाठी आहे. आमच्या उकाड्यात ते बाहेरून पाऊस अडवी आणि आतून माणसाला उकडी. घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेला धनगर त्याच पावसात निवांत उभा असतो. घोंगडी भिजली की जड होते हे खरे, पण तिच्यात वारा खेळतो, ती वाजत नाही, आणि रात्री अंथरूण-पांघरूण दोन्ही होते.

हे सारे बंदूकवाल्यांचे. ज्यांच्या पोशाखाचा विचार क्वचितच कोणी केला ते म्हणजे हाकारे. शिवपुरीच्या बाजूला ते बहुधा सहरिया असत : कमरेला पंचा, डोक्याला फडके, पाय बहुधा अनवाणी, हातात काठी. खैर-बोरींच्या काट्यांतून वाघाला पुढे घालणारा माणूस हाच. त्याचे अंग आणि फडके मातीच्याच रंगाचे, आणि हाक्याच्या शेवटी बंदुकांची तोंडे त्याच्याच दिशेला. झुडूप हलले की त्यामागे काय आहे हे घाबऱ्या किंवा उतावळ्या माणसाला कळत नाही. हाक्यात हाकाऱ्याला छर्रे लागल्याच्या गोष्टी जुन्या घरांतून दबक्या आवाजात ऐकू येत. तसबिरींत त्या नाहीत. आमच्या आजोबांचा नेम असा की हाका उठण्यापूर्वी प्रत्येक हाकाऱ्याला तांबड्या खादीचे फडके मोजून द्यायचे आणि ते बांधल्याशिवाय कोणाला पुढे जाऊ द्यायचे नाही. शेजारचे सरदार हसत. म्हणत, अशाने वाघ आधीच उधळेल. वाघ उधळत नसे. कारण वर सांगितलेच आहे : वाघाला आणि हरणाला तांबडे वेगळे दिसत नाही, माणसाला मात्र दुरून दिसते. आज अमेरिकेत कित्येक राज्यांत हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यास झगझगीत नारिंगी कपडा कायद्याने घालावा लागतो, तो याच कारणासाठी. माझ्या हिशेबी शिकारीच्या साऱ्या पोशाखात ते दीड हाताचे फडके सर्वांत मोलाचे, आणि ते कोणत्याच ट्रंकेत जपलेले नाही.

शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान एके काळी वाघांवाचून सुने झाले होते. 2023 मध्ये तिथे पुन्हा वाघ आणून सोडले आणि 2025 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. तेव्हा आपल्या घरांतली पोरे आता कॅमेरे घेऊन तिकडे जातात, आणि जानेवारीच्या पहाटे उघड्या जीपमध्ये पातळ जाकिटांत दात वाजवीत परत येतात. त्यांना एवढेच सांगतो : पांढरे बूट आणि निळे स्वेटर घरी ठेवावे, डोक्याला कानांवरून येईल असे मऊ मातकट कापड बांधावे, आणि मांडीवर घोंगडी घ्यावी. घोंगडी ग्वाल्हेरच्या बाजारात आता सहजी मिळत नाही. सोलापूर-कोल्हापूरकडचा कोणी पाहुणा येणार असेल तर त्याला आधी कळवून ठेवावे, आणि घट्ट विणीची, काळ्या लोकरीची आण म्हणून बजावावे. नाहीतर तो नरम, रंगीत, सूत मिसळलेली घेऊन येतो.