तारेच्या टांक्यांचें महायुद्ध

मासिकाचीं पानें तारेनें टाचावींत कीं टाचूं नयेत, या प्रश्नावरून एक 'महायुद्ध' होऊन गेलें असें मीं म्हटलें तर आपण हंसाल. खुशाल हंसावें, तें हंसण्यासाठींच पुकारलें होतें. मात्र त्याच्या अखेरीस एक मृत्यूची वार्ता आहे.

एप्रिल १९२६ मध्यें ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं न्यूयॉर्क येथें 'अमेझिंग स्टोरीज' हें मासिक काढलें. केवळ विज्ञानकथांस वाहिलेलें इंग्रजीतील हें पहिलेंच मासिक. पुढें त्यांत वाचकांच्या पत्रांचें सदर सुरू झालें, आणि पत्राखालीं लिहिणाराचा पूर्ण पत्ता छापण्याची चाल पडली. गोष्ट क्षुल्लक, परंतु परिणाम पाहा. भडक मुखपृष्ठांचीं हीं मासिकें वाचणारा तरुण बहुधा आपल्या गांवांत एकटाच असे. मंगळावरील प्राण्यांविषयीं तो जेवतांना बोलूं लागला तर घरचीं माणसें एकमेकांकडे पाहत. आतां आपल्यासारखा दुसरा वेडा कोणत्या गांवीं, कोणत्या रस्त्यावर राहतो हें त्याला कळूं लागलें. पत्रें संपादकाला वगळून परस्पर जाऊं लागलीं, मंडळें निघालीं, घरच्या घरीं सायक्लोस्टाईल केलेले अंक निघाले.

आरंभीं चर्चा मोठी गंभीर असे. अमुक कथेंतील शास्त्र बरोबर कीं चूक, यावर हिरिरीनें वाद होत. पण ओळख वाढली कीं शास्त्र मागें पडतें आणि गप्पा पुढें सरकतात, हा अनुभव आपणां सर्वांसच आहे.

१९३० नंतरच्या दशकांत 'अस्टाउंडिंग स्टोरीज' या मासिकांत 'ब्रास टॅक्स', म्हणजे शब्दशः 'पितळी चुका', असें पत्रांचें सदर असे. इलिनॉयमधील ब्लूमिंग्टनच्या बॉब टकर नांवाच्या विशीतल्या तरुणानें त्यांत जाहीर केलें कीं, विज्ञानकथांच्या मासिकांतील तारेच्या टांक्यांस प्रतिबंध करणारी संस्था आपण स्थापन केली आहे. लागलीच डोनाल्ड वोल्हाइम यांनीं धातूच्या टांक्यांच्या रक्षणार्थ प्रतिपक्षी संस्था काढली. तिचें नांव इतकें लांबलचक कीं नुसतीं आद्याक्षरें लिहिलीं तरी मालगाडी उभी राहावी. दोहों बाजूंनीं भारदस्त पदव्या वाटल्या गेल्या आणि वाचकांची करमणूक झाली.

आणि १९३६ सालीं संपादकांकडे पत्र आलें कीं टकर निवर्तला. त्यांनीं तें खरें मानून छापलें, वाचक हळहळले. थोड्याच दिवसांत उघड झालें कीं टकर जिवंत आहे. संपादक संतापले, आणि टांक्यांचें युद्ध तेथेंच संपलें.

संपादकांचा राग मला अनाठायीं वाटत नाहीं. बहुतेक वाचकांनीं टकरचें तोंडही पाहिलेलें नव्हतें. त्यांच्या लेखीं टकर म्हणजे कागदावरच्या चार ओळी. त्याची मैत्री त्यांस टपालानें मिळाली होती आणि मरणाची बातमीही टपालानेंच आली. एकीवर विश्वास टाकणाऱ्यानें दुसरीवर कां टाकूं नये? शेजारी राहणाऱ्याच्या मरणाची थाप संध्याकाळपर्यंत टिकत नाहीं, कारण दार ठोठावून पाहतां येतें. या मंडळींना ठोठावण्यास दार नव्हतें. टांक्यांची थाप सर्वांस थाप म्हणून ठाऊक होती. ही तशी नव्हती.

तरीही टकरवर कोणी कायमचा बहिष्कार घातला नाहीं. १९४१ सालीं आपल्या 'ल झाँबी' या घरगुती पत्रिकेंत त्यानें, त्याच त्या ठोकळेबाज अंतराळयानांच्या कथांस चिडवण्यासाठीं, 'स्पेस ऑपेरा' असा शब्द काढला. साबणवाल्यांच्या पैशावर रेडिओवर चालणाऱ्या रडक्या मालिकांस तिकडे 'सोप ऑपेरा' म्हणत, त्यावरून हें नांव. नभोवाणीवरून बोलतांना मला हें कबूल करणें भाग आहे. थट्टेंतला तो शब्द आज इंग्रजी कोशांत गंभीरपणें बसला आहे. पुढें टकर स्वतः कादंबरीकार झाला, आणि पात्रांना आपल्या मित्रांचीं नांवें देण्याची त्याची खोड इतकी गाजली कीं तिलाही त्याच्याच नांवावरून संज्ञा मिळाली.

टकर खरोखर वारला तो २००६ सालीं, ९१ वर्षांचा होऊन.