सारखे शब्द आणि नात्यातले शब्द

इंग्रजीतला 'बॅड' आणि आपल्या 'बदनाम', 'बदमाश'मधला 'बद' पाहा. अर्थ एक, उच्चारही जवळचा. मुलं लगेच म्हणतात, "सर, हा एकच शब्द!" पण 'बद' फारसी आहे आणि 'बॅड'शी त्याचं काहीच नातं नाही. निव्वळ योगायोग. 'बदल' तर तिसराच, तो अरबी.

आता 'नाव' घ्या. ते नाव आणि ती नाव. पहिलं संस्कृत 'नाम'पासून आलं, दुसरी 'नौ'पासून. गंमत म्हणजे 'नाम'चा नातेवाईक इंग्रजी 'नेम', तर 'नौ'चा 'नेव्ही'!

मला सगळ्यात नवल वाटतं ते 'चाक' आणि 'व्हील' या जोडीचं. ऐकायला काही साम्य आहे का? पण 'चाक' आलं 'चक्र'वरून, आणि 'चक्र' व 'व्हील' एकाच मुळाचे. मूळच्या 'क्व'चा संस्कृतात 'क' किंवा 'च' झाला, इंग्रजीत 'ह्व'. 'किम्' आणि 'व्हॉट' ही जोडीही तशीच. असा बदल अनेक शब्दांत दिसला, तरच नातं मानायचं.

'इंग्रजी संस्कृतातून निघाली' असे मेसेज फिरतात, मुलं ते वर्गात आणतात. या दोघी मायलेकी नव्हेत, एका जुन्या भाषेच्या वंशातल्या आहेत, एवढं तरी सांगाच. शब्दसंग्रहाच्या वहीत अर्थाशेजारी 'कुठून आला?' असा रकाना आखून घ्या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बऱ्याच शब्दांपुढे मूळ भाषेची खूण असते, ती शोधायला मुलांना मजा येते.