फ्लू थंडीत नाही, पावसात येतो!

जुलै उजाडला की जयसिंगपूरच्या कुठल्याही कॉलेजच्या वर्गात जाऊन बसा. मागच्या बाकावरून शिंका, पुढच्या बाकावरून खोकला आणि ग्रुपवर 'मॅडमना सांग, मला ताप आहे' असे मेसेज. डॉक्टरांकडे गेलं की एकच उत्तर : व्हायरल आहे, पाच दिवसांत जाईल. आणि आपल्या वयात ते जातंच.

माझ्या आज्जीचं गेलं नाही. तिला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी मीच पुण्याहून शिंकत घरी आले. तीन दिवसांत मी ठणठणीत आणि आज्जी सांगलीत ॲडमिट. आठ दिवस, त्यातले तीन ऑक्सिजनवर. रिपोर्टवर लिहिलं होतं, इन्फ्लुएंझा ए. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी सहज विचारलं, 'फ्लूची लस दिली नव्हती का यांना?'

आता गंमत ऐका. मे महिन्यात आम्ही ती लस विचारायला गेलो होतो. एका दवाखान्यात सांगितलं, 'ती थंडीची लस आहे, दिवाळीनंतर या.' आम्ही परत आलो.

सुरुवातीला मला सांगणाऱ्याचा राग आला. मग वाचत गेले तसं लक्षात आलं की फ्लूचं शास्त्र बरीच वर्षं थंड देशांत लिहिलं गेलं. तिथे फ्लू म्हणजे हिवाळा, हे समीकरण पक्कं. मग आपल्याकडे फ्लू पावसात येतो हे कुणी सांगितलं? आणि नुसतं सांगितलं नाही, तर मोजून कुणी दाखवलं? त्या शोधात मी जी माणसं वाचली, त्यातली दोन आपल्या पुण्यातच काम करत होती.

आधी लस कशी ठरते ते थोडक्यात. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून दरवर्षी नवी लस. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बैठक घेते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी कुठले विषाणू लसीत घालायचे ते ठरतं. त्यानंतर कंपन्या बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून करतात, त्यात सहा महिने जातात. या निवडीत ज्या मोजक्या प्रयोगशाळांचा शब्द चालतो, त्यातल्या मेलबर्नच्या केंद्राच्या प्रमुख 2016 पासून काही वर्षं डॉ. कांता सुब्बाराव होत्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या, पुढे अमेरिकेत बालरोग शिकून विषाणूंकडे वळलेल्या. 1997 मध्ये हाँगकाँगला एच5एन1 बर्ड फ्लू पहिल्यांदा माणसात सापडला, तेव्हा त्याची ओळख पटवणाऱ्या शास्त्रज्ञांत त्या होत्या.

भारत नकाशावर उत्तर गोलार्धात. म्हणजे आपली लस उत्तरेची आणि घ्यायची ऑक्टोबरात, असा सरळ हिशोब. तो चुकीचा आहे हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून, म्हणजे एनआयव्हीतून पुढे आलं. ही संस्था 1952 ची, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालेली. तिथल्या डॉ. मनदीप चढ्ढा यांच्या कामाची यादी वाचताना मी चक्रावले. 2001 मध्ये सिलिगुडीत रुग्ण आणि त्यांची सेवा करणारे दवाखान्यातले लोक एका अनोळखी मेंदूज्वराने दगावले. तो निपाह होता, हे सांगणाऱ्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका चढ्ढा. आणि मग त्याच बाई वर्षानुवर्षं साध्या सर्दी-तापाच्या मागे! 2004 पासून देशातल्या वेगवेगळ्या शहरांत फ्लूवर नजर ठेवणारं जे जाळं विणलं गेलं, त्याचे निष्कर्ष त्यांच्याच नावाने छापले गेले. निपाहची बातमी होते. नाकातला स्वॅब दर आठवड्याला गोळा करून तपासण्याची होत नाही.

पण आज्जीला उपयोगी पडेल अशी माहिती त्या स्वॅबांतूनच आली. 2009 ते 2013 या काळात देशातल्या दहा ठिकाणचे नमुने एकत्र मांडले, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. श्रीनगरमध्ये फ्लू जानेवारी ते मार्च, अगदी युरोपासारखा. दिल्ली, पुणे, कोलकात्यात जुलै ते सप्टेंबर. चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण त्यांचा मोठा पाऊस तेव्हाचा. देश एक, फ्लूचे हंगाम तीन. लसीचं संरक्षण काही महिन्यांत उतरायला लागतं. म्हणून आपल्याकडे दिवाळीनंतर घेतलेली लस पुढच्या जुलैपर्यंत फिकी पडलेली असणार. आपल्याला ती एप्रिल-मेमध्ये हवी, तीही सप्टेंबरच्या बैठकीत ठरलेली ताजी, दक्षिण गोलार्धाची.

दुसरं नाव डॉ. सिद्धिविनायक हिरवे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं ग्रामीण केंद्र आहे. तिथे त्यांनी एनआयव्हीच्या सोबतीने फ्लूचा अभ्यास केला. वढूच का? तर भाजक! दवाखान्यात फ्लूचे पन्नास पेशंट आले, हे कुणीही सांगेल. पण किती लोकसंख्येतून पन्नास? दोन हजार की दोन लाख? वढूच्या केंद्राने 2002 पासून आसपासच्या 22 गावांतला जन्म, मृत्यू, स्थलांतर घरोघर जाऊन नोंदवत ठेवलंय. त्यामुळे ॲडमिट झालेल्या पेशंटचा स्वॅब एनआयव्हीत पॉझिटिव्ह आला की तो किती माणसांमागे एक, हे काढता येतं. लस सरकारी कार्यक्रमात घ्यायची की नाही, हा वाद शेवटी याच आकड्यावर येऊन थांबतो. आमच्या मीडिया रिसर्चच्या पेपरात सॅम्पलिंगला मी नाक मुरडलं होतं, ते आता परत घेते.

हिरव्यांनी पुढे स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातून पीएचडी केली, तीही वढूच्याच म्हाताऱ्या माणसांवर : ती स्वतःच्या तब्येतीबद्दल काय सांगतात, यावर. मग ते जागतिक आरोग्य संघटनेच्या इन्फ्लुएंझा कार्यक्रमात गेले. 2016 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उष्ण प्रदेशांतल्या देशांची फ्लूच्या हंगामानुसार आठ गटांत विभागणी करून दाखवली, लस कधी द्यायची ते गोलार्धावर नाही तर स्थानिक हंगामावर ठरवा म्हणून. वढूत विचारलेला प्रश्न थेट जिनिव्हाच्या टेबलावर.

या सगळ्याच्या मधोमध 2009 आहे. आपण तेव्हा शाळेतही नव्हतो किंवा नुकते जायला लागलो होतो. 3 ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला स्वाइन फ्लूचा पहिला. नायडू हॉस्पिटलसमोर रांगा, शाळा बंद, तोंडाला रुमाल. लस बनवायची शर्यत लागली. सिरम इन्स्टिट्यूटने रशियन शास्त्रज्ञांनी तयार केलेला कमजोर विषाणू जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळवला आणि नाकात फवारायची 'नेझोव्हॅक' जुलै 2010 मध्ये बाजारात आणली. पुढच्याच महिन्यात, 10 ऑगस्टला, जागतिक साथ संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे धावपळ करूनही लस मुख्य लाटेच्या मागूनच आली. पुढे तिच्या हंगामी आवृत्तीची चाचणी बांगलादेश आणि सेनेगलमधल्या लहान मुलांवर झाली. बांगलादेशात तिने निम्म्याहून जास्त फ्लू रोखला, सेनेगलमध्ये काहीच फरक दिसला नाही. लस तीच, तरी असं होतं.

म्हणून धोरण ठरवणाऱ्यांचंही थोडं समजून घ्यावं लागतं. विषाणू जुळला तरी फ्लूची लस साधारण 40 ते 60 टक्के संरक्षण देते, आणि दरवर्षी घ्यावी लागते. पोलिओसारखं डोस संपवून मोकळं होता येत नाही. केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवर आहे, रोटा आहे, फ्लू नाही. पण 2015 मध्ये देशात 42 हजारांवर रुग्ण आणि तीन हजारांच्या आसपास मृत्यू झाले, तेव्हा महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. गर्भवती महिला आणि मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्यांना सरकारी दवाखान्यात मोफत लस द्यायला सुरुवात केली. गर्भवती का? सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. आईला दिली की तिची प्रतिकारशक्ती बाळाला मिळते. गर्भवतींसाठी असं करणारं राज्य आपलं. आणि ही योजना आहे, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आज्जी तर शुगरवाली, थेट यादीतली.

शिरोळ तालुक्यात याला आणखी एक बाजू आहे. 2019 चा पूर ऑगस्टचा, 2021 चा जुलैचा. कृष्णा-पंचगंगा चढल्या की गावंच्या गावं शाळांत आणि मंगल कार्यालयांत येतात. म्हातारी माणसं, बाळंतिणी, सगळे एका हॉलमध्ये, ओल्या कपड्यांत, नेमके फ्लूच्या महिन्यांत. 2019 ला मी तिथे बिस्किटं वाटत होते. लसीचा विचार डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

आज्जी दवाखान्यात पडल्या पडल्या मानमोडीच्या गोष्टी सांगायची, तिच्या आज्जीकडून ऐकलेल्या. मानमोडी म्हणजे 1918 चा फ्लू. शाहू महाराजांनी जयसिंगपूर वसवलं 1917 ला. पेठ वसून वर्ष होत नाही तोवर ही साथ आली. देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली, असे अंदाज आहेत. तेव्हा हा विषाणू कुणी पाहिलाही नव्हता, तो सापडला 1933 ला. मुंबईत पहिली लाट आली होती जूनमध्ये. म्हणजे पावसाळ्यात!

या मेमध्ये मी आज्जीला घेऊन परत गेले, दुसऱ्या दवाखान्यात. आधी खोक्यावरचं वाचलं : सदर्न हेमिस्फिअर, यंदाचं साल. दीड हजाराच्या वर गेले. सरकारी दवाखान्यात चौकशी करायला उशीर केला तो माझाच, पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच जाणार आहे. आज्जीचा दंड दोन दिवस दुखला. तिने विचारलं, 'परत परत घ्यावी लागत्या व्हय गं ही?'

'दरवर्षी, आज्जी.'

'मग तू बी घे की. आणलास तूच की मागल्या साली.'

मी पण घेतली.