मोटर बदलण्याआधी विहीर मोजा

कर्जत-खालापूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मार्च सरला की वाड्यावस्त्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. दोष पावसाचा नाही, खडकाचा आहे. इथे पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टमध्ये. खालचा अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. त्यात जमीन उताराची. जे मुरतं तेही पावसाळ्यानंतर हळूहळू उल्हास आणि पाताळगंगेकडे निघून जातं.

राजनाल्याच्या पट्ट्यात चित्र वेगळं दिसतं. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून १९२२ पासून बाहेर पडणारं पाणी पेज नदीमार्गे या कालव्यात येतं, उन्हाळी भात पिकवतं, आणि भिजल्या शेतांतून जवळच्या विहिरींनाही लागतं. त्यामुळे पलीकडच्या गावातली विहीर भरलेली आहे म्हणजे आपल्या विहिरीत किंवा मोटरीत बिघाड आहे, असं समजू नये.

तक्रार कोणत्या महिन्यात सुरू झाली, यावरून अर्धं निदान होतं. ‘मोटर चालते, पण पाणी चढत नाही’ ही उन्हाळ्यातली तक्रार. काठावर बसवलेली मोटर खरं तर पाणी ओढत नाही. ती पाइपातला दाब कमी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब फार तर १०.३ मीटर उंचीचं पाणी पेलतो. पाइपातलं घर्षण आणि सांध्यांची गळती धरली तर प्रत्यक्षात सहा-सात मीटर. पातळी त्याखाली गेली की एकाऐवजी तीन हॉर्सपॉवरची मोटर आणूनही उपयोग नाही. मोटर पाण्याजवळ न्यावी लागते, किंवा सबमर्सिबल बसवावी लागते. पातळी वर असूनही रोज सकाळी पाइपात पाणी ओतावं लागत असेल, तर मात्र फूटव्हॉल्व्ह गळतो आहे. बहुतेकदा त्यात पालापाचोळा अडकलेला असतो.

म्हणून आधी मोजावं. सुतळीला वजन बांधून पहाटे, उपशाआधी, पाणी किती खाली आहे ते पाहावं. उपसा झाल्यावर पुन्हा, आणि तासाभराने तिसऱ्यांदा. झरा किती वेगाने भरून काढतो ते या तीन आकड्यांत कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. घरच्या विहिरीला महिन्यातून एकदा पुरे. बोअरमध्ये सुतळी केबलला अडकते, तिथे बादली किती सेकंदांत भरते ते टिपावं. पाणी थोडा वेळ येऊन तुटत असेल आणि विश्रांतीनंतर पुन्हा येत असेल, तर भेगेतून येणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा जास्त आहे. अशा बोअरवर मोठा पंप म्हणजे कोरडी चालून जळालेली मोटर.

पावसाळ्यात तक्रार उलटी: पाणी भरपूर, पण गढूळ. बोअरची केसिंग पक्क्या खडकात न बसवता मुरमातच सोडली असेल, तर पहिल्याच मोठ्या पावसात वरचा चिखल आत येतो. विहिरीला कठडा आणि भोवती उताराचा सिमेंटचा चौथरा नसेल, तर तेच. शोषखड्डा किमान १५ मीटर दूर हवा. भेगाळ खडकात तेवढंही पुरेलच असं नाही, म्हणून पाण्याची तपासणी चुकवू नये.

पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने टाकली जाते, ते मला फार खटकतं. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५ केलं की घनमीटर मिळतात. स्वच्छ पाण्यात दर घनमीटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असताना सुमारे ७० ग्रॅम, मे महिन्यात एक मीटर उरलेलं असताना जेमतेम १८. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्च होतो, म्हणून आधी गाळ बसू द्यावा आणि तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत उरलेल्या क्लोरीनचा पिवळा रंग येतो का ते पाहावं. बादलीत काढलेलं स्वच्छ पाणी काही तासांत तांबूस झालं, तर ते लोह आहे. हवा लागली की ते गंजून तळाशी बसतं.

गाळ काढायचा तो मे महिन्यातच, आणि तेव्हाच जीव जातात. काठावरच्या डिझेल इंजिनाला पाणी उचलवत नाही, म्हणून ते आत उतरवलं जातं. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि सोडलेला कंदील तो असतानाही जळत राहतो. इंजिन आत उतरवूच नये. विजेच्या सबमर्सिबलने पाणी काढावं, माणूस उतरण्याआधी तिचा वीजपुरवठा तोडावा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर दोघे थांबलेले असावेत. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे कुणीही उतरू नये, दोराने वर ओढावं.