भरतीचं घड्याळ लावा, मगच दापोली गाठा!

शुक्रवारची संध्याकाळ. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी. कुणीतरी 'कोकण!' म्हणतं आणि अख्खा ग्रुप नकाशावर तुटून पडतो. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, दाभोळ, गुहागर... सगळं एकाला एक चिकटून! 'एका दिवसात होईल रे सगळं,' असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं आणि तिथेच वीकएण्डचा पचका होतो.

कारण सिंपल आहे. कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. इथे मध्ये खाडी येते, घाटी येते आणि वाळूवर कधी उतरायचं हे समुद्र ठरवतो. तेव्हा बॉस, हॉटेल शोधण्याआधी दोन गोष्टी बघा. खाडी कुठे आहे आणि भरती किती वाजता आहे.

मुक्काम एकच, ट्रिपा तीन
रोज बॅगा भरून नवं गाव गाठायचा मोह टाळा. मुक्काम दापोलीत किंवा कर्दे-मुरुडला ठोका. दापोली गाव समुद्राला लागून नाही, वर पठारावर आहे. त्यामुळे हवा मस्त, बाजारपेठ हाताशी आणि चारी दिशांना रस्ते. उत्तरेला बाणकोटपाशी सावित्रीची खाडी, दक्षिणेला दाभोळपाशी वाशिष्ठीची. या दोन खाड्यांच्या मधला पट्टा हेच आपलं मैदान. ट्रेनने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं खेड स्टेशन सोयीचं.

पाऊणपटीचा फंडा
भरतीची वेळ काढायला सॉफ्टवेअर लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. त्या दिवशीची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि सकाळ-संध्याकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण प्लॅनिंगला एवढं पुरे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा शनिवारचं गणित रविवारी तसंच चालवू नका.

आता प्लॅनचं सूत्र एका ओळीत सांगायचं तर, ओहोटीला किनारा आणि भरतीला डोंगर, देऊळ नाहीतर लेणी.

ट्रिप पहिली : हर्णै-आंजर्ले
आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती भर भरतीतही गाठता येतो, आणि वरून दिसणारा समुद्र म्हणजे निव्वळ सही! खाडीवर पूल असल्याने हर्णै तिथून जवळच. बंदरातून बोटीने सुवर्णदुर्ग करता येतो. १७५५ साली कमोडोर जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. समुद्र शांत असेल तरच बोट सुटते. किल्ल्यावर उतरताना गुडघाभर पाणी लागू शकतं, त्यामुळे नवे कोरे शूज गाडीतच ठेवा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा. बोली लावताना भलता हात वर करू नका, नाहीतर सुरमईची अख्खी टोपली गळ्यात पडेल! जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावही नाही आणि किल्ल्याची बोटही नाही.

ट्रिप दुसरी : दाभोळ-गुहागर
दाभोळहून समोरचं धोपावे दिसतं. तरी रस्त्याने गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा, म्हणजे शंभर किलोमीटरच्या घरात. २००३ पासून इथे फेरीबोट आहे. गाडीसकट चढा आणि काही मिनिटांत पलीकडे. गुहागरचा व्याडेश्वर, सुरूच्या बनामागचा लांबलचक किनारा आणि पुढे हेदवी. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची. खडकाच्या भेगेत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल. मात्र फोटोसाठी काठावर जाऊ नका, ओला खडक भयंकर निसरडा असतो. आणि जातानाच जेट्टीवर एक प्रश्न विचारा, 'शेवटची फेरी कितीला?' ती चुकली की रात्रीचा वळसा तुमच्या नशिबी.

ट्रिप तिसरी : पन्हाळेकाजी किंवा वेळास
भरतीची वेळ अगदीच गैरसोयीची असेल तर समुद्राकडे पाठ फिरवा. पन्हाळेकाजीला कोटजाई नदीकाठी २९ लेण्यांचा समूह आहे. सुरुवात बौद्धांची आणि पुढे नाथपंथीयांपर्यंतच्या खुणा. गर्दी फारशी नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर पहाटे उठून वेळास किंवा आंजर्ल्याचा किनारा गाठा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात. पिल्लं कधी बाहेर येणार हे मात्र तीच ठरवतात, म्हणून आधी गावात फोन करून विचारा.

गाडी वाळूत? नकोच!
ओहोटीला वाळू डांबरासारखी कडक वाटते आणि एसयूव्हीवाल्यांच्या अंगात येतं. पौर्णिमेच्या वीकएण्डला तर संध्याकाळी सहाला समुद्र दूर गेलेला असतो. सनसेट झाला, गप्पा रंगल्या की पाणी गुपचूप परत येतं, तेही उधाणाचं. चाकं रुततात आणि मग ट्रॅक्टर शोधत गावभर फिरावं लागतं. शिवाय याच वाळूत कासवांची अंडी असू शकतात. पोहण्याचंही तेच. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, भल्याभल्या पोहणाऱ्यांनाही. किनाऱ्यावरचे काका 'नको' म्हणाले तर वाद न घालता बाहेर या.

जाता जाता
- पेट्रोल आणि कॅश दापोलीतच भरून घ्या.
- घरगुती जेवण हवं तर सकाळीच सांगून ठेवा. ऐन वेळी उकडीचे मोदक मिळत नाहीत.
- दिवसाला दोनच ठिकाणं. तिसरं राहिलं तर पुढच्या वीकएण्डला बहाणा तयार!

मंगळवारी ऑफिसला उशीर झाला तर बॉसला काय थाप मारायची ते तुमचं तुम्ही बघा. फक्त 'गाडी समुद्रात होती' हे कारण खरं ठरायला नको!