आजीचे तोंड कोरडे का पडले?



लाळ म्हटले की आपण नाक मुरडतो. लहान बाळाची लाळ गळते म्हणून आपण हसतो आणि त्याला लाळेरे बांधतो. पण लाळ कमी झाली की माणसाचे काय हाल होतात ते मी आमच्या घरी पाहिले. म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

उन्हाळ्यात आमची आजी नीट जेवेना. भाकरीचा घास तिच्या तोंडात नुसता फिरत राहायचा. ती म्हणायची, "बाय, घास गिळंना बघ. तोंडात माती धरल्यावानी होतंय." रात्री दोन-तीनदा उठून ती पाणी प्यायची. तोंड ओले राहावे म्हणून दिवसभर लिमलेटची गोळी नाहीतर गुळाचा खडा चघळायची. गोळ्या मीच दुकानातून आणून द्यायचे. त्यातल्या दोन मला मिळायच्या. पुढे तिची दाढ दुखू लागली आणि गाल सुजला.

मग बाबांनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. सुटी होती म्हणून मीपण गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारले, "आजी, गोळ्या कोणकोणत्या घेता?" आजी ब्लडप्रेशरची गोळी घेते. शिवाय शिंका येतात म्हणून सर्दीची गोळीही रोज घेत होती, ती कुणाला न विचारता. बाई म्हणाल्या, सर्दीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. त्यांनी ती गोळी बंद केली. ब्लडप्रेशरची गोळी मात्र आपल्या मनाने मुळीच सोडायची नाही असे बजावले. मधुमेहानेही तोंड कोरडे पडते, म्हणून रक्त तपासले. ते चांगले निघाले.

दाढ मात्र फार किडली होती. तालुक्याला जाऊन ती काढावी लागली.

मी शाळेत गुरुजींना विचारले, "लाळेचा आणि दाताचा काय संबंध?" गुरुजींनी सर्वांना भाकरीचा एकेक तुकडा दिला आणि न गिळता खूप वेळ चावायला सांगितला. थोड्या वेळाने तो गोड लागू लागला! लाळेमुळे भाकरीतल्या पिठाची साखर होऊ लागते. म्हणजे अन्नाचे पचन तोंडातच सुरू होते. तुम्हीपण करून पाहा.

लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानापुढे, एक जबड्याखाली आणि एक जिभेखाली. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण काही गोड खाल्ले की तोंडातले जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लाने दातावरचे कठीण कवच झिजते. लाळ ते आम्ल धुऊन टाकते. लाळेत कॅल्शियम असते, ते दाताला परत मिळते. लाळ कमी आणि वर तोंडात सारखी गोळी, मग दात किडणारच. मी आजीला गोळ्या आणून देत होते, म्हणून मला फार वाईट वाटले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले नियम असे :

१. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. शेतात जाताना पाणी न्यावे.

२. तोंड कोरडे पडले तर गोळी किंवा गूळ चघळू नये. चहाही कमी करावा.

३. नाकाने श्वास घ्यावा. नाक सारखे चोंदत असेल आणि तोंड उघडे ठेवून झोपावे लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

४. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये.

५. मशेरी लावू नये. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कॅन्सरही होऊ शकतो.

६. तोंड बरेच दिवस कोरडे पडत असेल तर दवाखान्यात जावे आणि चालू असलेली सगळी औषधे दाखवावीत.

आता आजी भाकरी खाते. पण पाचवा नियम तिला पटेना. ती म्हणाली, "पन्नास वर्सांची सवय, एका दिसात जाती व्हय?" मी म्हणाले, "आजी, तू मशेरी सोड, मी लिमलेट सोडते." ती हसली आणि बरं म्हणाली. आज सतरा दिवस झाले. मशेरीचा डबा फळीवरच आहे, पण तिने उघडला नाही. मीपण गोळी खाल्ली नाही.

आजीची गेलेली दाढ पुन्हा येणार नाही. पण मित्रांनो, आपले दुधाचे दात पडून नवे दात आता येत आहेत. हे एकदाच येतात आणि म्हातारपणापर्यंत पुरवायचे असतात. म्हणून आज रात्री दात घासूनच झोपा. आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, "तुमचं तोंड कोरडं पडतं का?"